बरगडीतली नखी

टेबलावरचा फोन थरथरला, तिचं कोपर दचकलं आणि दगड कोरायची सुई घसरली. घसरली म्हणजे किती, तर उवेच्या लांबीएवढी. पण या कामात तेवढ्यात होत्याचं नव्हतं होतं. नखाच्या कातरणाएवढा एक कपचा टचकन उडून तिच्या चष्म्यावर आपटला आणि एप्रनच्या घडीत जाऊन बसला. तिनं श्वास रोखला, हात जिथल्या तिथे ठेवला आणि सुई चालवणारी हवा पायानं बंद केली. संग्रहालयाच्या तळघरातली ती खोली एकदम इतकी शांत झाली की दातांवर दात आवळल्याचा आवाज तिचा तिला ऐकू आला. मेल्या, कुठे तडफडतोस, म्हणून तिनं फोनला शिवी हासडली आणि भिंगात डोळा घातला. कपचा जिथून निघाला होता तिथे, दगडातल्या पिल्लाच्या दोन बरगड्यांच्या मधून, एक टोक वर आलं होतं. काळसर, बाकदार, गुळगुळीत. पिल्लाच्या स्वतःच्या नख्या तिनं कधीच्या मोकळ्या केल्या होत्या, त्या तिळाएवढ्या होत्या. ही नखी पिल्लावर पसरलेल्या मोठ्या जनावराची होती, आणि ती आत गेलेली होती.

फोन धाकट्या भावाचा होता. म्हणजे मेसेज. बबडी पडली. गळ्याखालचं हाड मोडलंय. चिमणीचा एक पंख गेला म्हण! येऊ नकोस, संध्याकाळी सोडतील घरी. आणि पुढे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा तो पिवळा चेहरा. भाऊ गमत्या होता, सगळ्या गावाचा लाडका. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि लहान मुलांचे डोळे तपासताना तो त्यांना असा काही हसवायचा की आयाबाया दुसऱ्या दुकानाची पायरी चढायच्या नाहीत. बबडी त्याची एकुलती एक मुलगी, यंदाच पहिलीत गेलेली. तिनं मेसेज पुन्हा वाचला. तिच्या स्वतःच्या डाव्या खांद्याजवळ, गळ्याखालच्या हाडावर, एक गाठ होती. मोडलेलं हाड वाकडं सांधलं की राहते तशी. तिचा हात आपोआप तिकडे गेला. त्या गाठीवरून बोट फिरवायची तिला सवय होती, दुसऱ्या बायका मंगळसूत्राशी चाळा करतात तशी. पडली, ती मनाशी म्हणाली. पडली, पडली, पडली. तीनदा म्हटल्यावर शब्दाची चवच गेली.

दगडाची ती लादी गेल्या उन्हाळ्यापासून तिच्या टेबलावर होती. कुठल्याशा आटलेल्या तळ्याच्या गाळात, राखेखाली, माणूस नावाचा प्राणी जन्माला यायच्या कितीतरी आधी दाबली गेलेली. पक्षी आले कुठून, याचं उत्तर अशा लाद्यांमध्ये असतं; आणि ते उत्तर बघायला गेलं तर भारी चावट असतं. जबड्यात दात आहेत म्हणून सरड्याचा भाऊबंद म्हणावं, तर अंगावर पिसं. पिसं आहेत म्हणून पक्षी म्हणावं, तर मागे हाडांची लांबलचक शेपटी आणि पंखांच्या टोकाला तीन-तीन नख्या. धड ना हे, धड ना ते. हे जनावर उडत नव्हतं, एवढं नक्की. हात आखूड, छाती सपाट. मग उडायचं नव्हतं तर पिसांचा एवढा थाट कशासाठी? ऊब म्हणून, नखरा म्हणून, अंडी झाकायला म्हणून. जो तो आपापल्या मगदुरानुसार सांगतो. लादीतलं मोठं जनावर कावळ्याहून थोडं मोठं होतं. दोन्ही हात पसरलेले, हातांवर पिसांचे काळे ठसे, जळालेल्या कागदावरच्या अक्षरांसारखे. आणि त्या पसरलेल्या पिसांखाली एक मुठीएवढं पिल्लू, अंग चोरून पडलेलं. लादी साफ व्हायच्या आधीच वरच्या दालनात तिची जाहिरात लागली होती. पंखाखाली, असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं आणि चित्रकारानं मोठ्या जनावराच्या डोळ्यांत चक्क माया काढली होती.

ते चित्र सरांच्या सांगण्यावरून काढलेलं होतं. सर म्हणजे तिचे वरिष्ठ. पिसांवर जन्म घालवला म्हणून मागे सगळे त्यांना पिसंवाले म्हणत. माणूस सज्जन. मुंगी मेली तरी हळहळणारा. त्यांच्या धंद्यात फार पूर्वी एक घोळ झाला होता. अंड्यांच्या घरट्यावर सापडलेल्या एका जनावराला लोकांनी अंडीचोर ठरवलं, तसं नावही ठेवलं. मग कित्येक वर्षांनी कळलं की अंडी त्या जातीचीच होती आणि ती जात अंड्यांवर बसून ती उबवायची. तोवर नाव पक्कं झालेलं. उबवणारी आई कायमची चोर. सरांनी त्या गोष्टीचा असा धसका घेतला होता की त्यानंतर त्यांना कुठल्याच जनावराला खुनी म्हणवत नसे. दगडात कुणी कुणाच्या मानेवर दात रोवलेले दिसले तरी ते म्हणत, झोपेत डोकं टेकलं असेल.

ते खाली आले तेव्हा ती अजून भिंगातच बघत होती. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि वाकून भिंगात डोळा घातला.

"गाळाचं वजन," ते म्हणाले. "वरून एवढा भार आला की हाडं एकमेकांत घुसतात. बसमधल्या गर्दीत नाही का कुणाचं कोपर कुणाच्या पोटात जात?"

"सर, बरगडी आतल्या बाजूला मोडलीय. दोन्ही."

"मेल्यावरही मोडते गं."

"पाय वाकवून, पूर्ण जोरानं घुसलीय नखी. हे बघा, बोटाचा सांधा आवळलेला आहे."

"मेल्यावर स्नायू आखडतात." त्यांनी डोळे चोळले. "हे बघ, तू म्हणतेस तसं असेलही. मी नाही म्हणत नाही. पण खात्री नसताना मी एका आईवर असला आळ घेणार नाही. जी शक्यता सगळ्यांत मायाळू, ती आधी धरायची. आणि पुढच्या आठवड्यात उद्घाटन आहे, पोरंटोरं येणार, त्यांना काय सांगू? कपचा सापडला का?"

एप्रनच्या घडीतून तिनं तो चिमट्यानं काढून दाखवला.

"छान. शाबूत आहे. परत चिकटवून टाक. उद्घाटन होऊ दे, मग सावकाश बघू."

कपचा परत चिकटवणं यात पाप काही नव्हतं. रोजचंच काम. उडालेला तुकडा जागच्या जागी बसवायचा, फट भरायची, वरून ब्रश फिरवायचा. खुद्द ज्यानं बसवला त्यालाही उद्या सापडू नये इतका तिचा हात साफ होता. हात बाबांचा, असं सगळे नातेवाईक म्हणत. बाबा घड्याळजी होते. डोळ्याला भिंग लावून ते बसत तेव्हा घरात कुणी शिंकायचं नाही. केसासारखी स्प्रिंग, खसखशीच्या दाण्याएवढा स्क्रू, आणि त्यांची ती जाड बोटं. पण कधी गिऱ्हाइकाच्या घड्याळाला ओरखडा गेला नाही. वाईट वाटायचं ते याचंच. बेताल माणूस असता, दारू पिऊन झिंगत आला असता, तर समजण्यासारखं होतं. बाबा शुद्धीत मारायचे. आधी डोळ्याचं भिंग काढायचे, मऊ कापडानं पुसायचे, डबीत ठेवायचे, डबीचं झाकण लावायचे. त्या झाकणाचा टक् आवाज झाला की ती भिंतीला पाठ लावायची. मग ते उठायचे. दुकानातल्या पोटमाळ्याच्या शिडीवर ती उभी होती त्या दिवशी तिच्या हातून एक स्क्रू खाली सांडला होता, कुणा बड्या माणसाच्या घड्याळाचा. टक् आवाज झाला. बाबांनी शिडीचा पाय धरला आणि ओढला. तिला खाली फरशी येताना दिसली. फरशीवरचा एक तेलाचा डाग मोठा मोठा होत आला आणि मग खांद्यात काहीतरी कडकन वाजलं, ओली फांदी मोडावी तसं. पडली, असं आई डॉक्टरांना म्हणाली. शिडीवरून पडली, भारी धडपडी पोर आहे. हात गळ्यात अडकवून ती शाळेत गेली तेव्हा बाईंनी विचारलं, काय झालं गं. ती म्हणाली, मला पाडलं. बाईंना ते नीट ऐकू आलं नाही. "मला पडलं असं नाही गं म्हणू, मी पडले असं म्हणावं," बाई म्हणाल्या, आणि व्याकरणाचा तास असल्यामुळे सगळ्या वर्गाकडून ते म्हणवून घेतलं. मी पडले, आम्ही पडलो, तू पडलीस. एका कान्याचा तर फरक. पोरं घसा फोडून ओरडत होती आणि ती त्यांच्याबरोबर ओरडत होती.

सर जिना चढून गेल्यावर तिनं भावाला फोन लावला. मागे कुणी मूल रडत होतं, कुणी नावं पुकारत होतं.

"अगं काही नाही गं," भाऊ म्हणाला. "सोफ्यावरून उडी मारली. म्हणे, मी पक्षी आहे. तूच भरवलंस ना तिच्या डोक्यात, दात असलेले पक्षी आणि काय काय? आता भोग."

"तू होतास तिथे?"

"म्हणजे काय! समोरच होतो. पेपर वाचत होतो."

"रडली का ती?"

"नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चक्क कौतुक होतं. "हूं की चूं नाही. शूर आहे पोरगी. तू येऊ नकोस हं, उगाच धावपळ."

रडली नाही. सहा वर्षांच्या मुलीचं हाड मोडतं आणि ती रडत नाही. तिनं फोन ठेवला. तळघराला छताजवळ एक आडवी खिडकी होती, तिच्यातून मागच्या अंगणाची फरशी डोळ्यांच्या पातळीवर दिसायची. याच खिडकीतून मागे एकदा डबा खाताना तिनं ससाणा बघितला होता. त्यानं कबुतर खाली आणलं होतं, तिच्यापासून हातभर अंतरावर. कबुतर उताणं, ससाणा वर, दोन्ही पायांच्या नख्या त्याच्या छातीत. आणि तो पंख फडफडवत होता, जोरजोरात, उडण्यासाठी मुळीच नाही. खालचं धडपडतंय, निसटतंय, त्याच्यावर आपला तोल राहावा म्हणून. दोन्ही पंख पसरून त्यानं त्या कबुतराभोवती तंबू केला होता. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय जपतोय बिचाऱ्याला. तंबूच्या आत तो त्याच्या छातीची पिसं उपटत होता आणि लाल मांस ओढत होता आणि कबुतराचा डोळा उघडझाप करत होता. ती बघत राहिली. हातातला घास तिनं खाऊन टाकला, दुसरा घेतला, तोही खाल्ला. हे तिनं पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. पक्षी झाडावरून पडता पडता उडायला शिकले, असं सर शाळेच्या मुलांना सांगायचे आणि मुलांना ते आवडायचं. दुसरं एक मत आहे, ते सर सांगायचे नाहीत. जमिनीवर पळणारी जनावरं, भक्ष्यावर झेप घेऊन त्याला पायाखाली दाबायची, आणि ते मरेपर्यंत त्याच्यावर टिकून राहायला हात फडफडवायची. तो फडफडाट पुढे आभाळात गेला. म्हणजे पक्षी पडणाऱ्यांपासून झाले की पाडणाऱ्यांपासून, एवढाच काय तो विद्वानांचा वाद.

तिनं डिंकाची बाटली उघडली. कपच्याच्या खालच्या बाजूला नखीचा ठसा उमटला होता, बारीक खोलगट रेघ. बसवला असता तर बरोब्बर बसला असता. पण तिच्या डोळ्यांपुढे नखी नव्हती, एक पलंग होता. पलंग आणि भिंतीच्या मधे धाकटा, चार-पाच वर्षांचा, आणि त्याच्या अंगावर पालथी ती. बाबांच्या हातात पट्टा. तिनं हात पसरून त्याला झाकलंय, पायांनी जमीन रेटून धरलीय, आणि पाठीवर एक एक पट्टा बसतोय तशी ती खाली दाबली जातेय आणि धाकटा तिच्याखाली चेंगरतोय. त्यानं भोकाड पसरू नये म्हणून तिनं त्याच्या तोंडावर हात दाबलाय, इतका की त्याचे दात तिच्या तळव्यात रुतलेत. "ताई, टोचतंय," तो बोटांच्या फटीतून म्हणत होता, "ताई, तुझं कोपर टोचतंय." नंतर त्याच्या बरगडीवर काळंनिळं झालं होतं. बाबांचा एक फटकाही त्याला लागला नव्हता. तिनं जीव ओतून त्याला वाचवलं होतं, आणि तिनंच त्याला तो डाग दिला होता. ते दोघं तसेच दगडात दाबले गेले असते तर कुणी काय वाचलं असतं? मायाळू शक्यता आधी, सर म्हणाले होते. तिच्या घरातही सगळ्यांनी आयुष्यभर तेच केलं होतं. आईनं, काकांनी, शेजाऱ्यांनी, त्या बाईंनी. सगळी सज्जन माणसं. त्या सज्जनपणाचा तिला असा संताप आला की डोकं फुटेल असं वाटलं. कुणाचा तरी गळा दाबावा, काहीतरी कडकन मोडावं. तिनं कपचा फरशीवर टाकला आणि बुटाची टाच त्याच्यावर ठेवून गोल फिरवली. त्याची कोट्यवधी वर्षं दाताखाली खडा आल्यासारखी कचकचली आणि पिठासारखा भुगा झाला.

सर विसरलेला चष्म्याचा डबा न्यायला आले होते. दारातच थिजले. "अगं, काय केलंस हे!"

"पडला, सर," ती म्हणाली. "हातातून पडला." आणि एप्रन खुंटीला लावून, सर तोंड उघडं टाकून उभे असतानाच, ती जिना चढून गेली.

रस्त्यावर ऑफिसं सुटायची वेळ होती. माणसं अंगावर येत होती आणि ती कुणालाही वाट देत नव्हती. एकाला तिचा खांदा लागला, तो काहीतरी बोलला, ती वळलीही नाही. सिग्नलला उभी असताना शेजारी एक बाई आपल्या मुलाला दंडाला धरून ओढत होती आणि तिला वाटलं, आत्ता, इथेच, हिचं बोट धरून मागे वाकवावं. आपल्याला येईल. कुठल्या सांध्यावर किती जोर दिला की हाड जातं, हे आपल्याला कुणाहून जास्त माहीत आहे. हा विचार तिला नवा नव्हता. म्हणून तर तिनं लग्न केलं नाही, मूल होऊ दिलं नाही, मेलेल्या, दगड झालेल्या जनावरांच्या संगतीत बसली. ज्यांना आता काहीच दुखू शकत नाही. धाकट्यानं मात्र लग्न केलं, हसत हसत, आणि तिला वाटलं होतं की एक तरी सुटला. त्याच्या लग्नात ती आनंदानं रडली होती. मूर्ख कुठची.

मुलांच्या वॉर्डाच्या भिंतींवर ससे आणि फुगे रंगवलेले होते. बबडी खाटेवर टेकून बसली होती. दोन्ही खांद्यांवरून आठाच्या आकड्यासारखा पट्टा आवळलेला, त्यामुळे छाती पुढे काढून बसलेली, जवानासारखी. वहिनी तिच्या उशाशी उभी होती. गरीब, गोरीमोरी, हातातल्या रुमालाच्या घड्या घालणारी आणि उलगडणारी. भाऊ नर्सला काहीतरी सांगून हसवत होता. तिला बघताच त्यानं हात पसरले. "आल्या! पक्ष्यांच्या डॉक्टर आल्या! सांगितलं होतं ना येऊ नकोस?"

"आत्या," बबडी म्हणाली. "मी पडले." कविता म्हणून दाखवावी तशी म्हणाली, सावकाश, शब्द न चुकता, आणि म्हणून झाल्यावर बाबाकडे बघितलं.

तेवढ्यात डॉक्टर आल्या. तरुण होत्या, डोळ्यांखाली थकव्यानं काळं आलेलं. त्यांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. "हे आजचं. गळ्याखालचं हाड. मुलांचं हे मोडतं, सोफ्यावरूनही मोडू शकतं, त्याला माझी ना नाही." मग त्यांचं बोट खाली सरकलं. "पण ही बरगडी बघा. इथे गाठ दिसतेय? ही जुनी आहे. मोडून सांधलेली. ही कधीची?"

"सायकलवरून," वहिनी म्हणाली.

"जिन्यावरून," भाऊ त्याच क्षणी म्हणाला.

भाऊ हसला. "सायकल जिन्यावरून नेत होती, डॉक्टर! आमच्या घराण्यातच पडायची परंपरा आहे. हिला विचारा, ही माझी मोठी बहीण. हिनंही लहानपणी हेच हाड मोडून घेतलंय. सांग ना गं ताई."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. डॉक्टरही. "तुम्ही होतात का यातल्या कशाच्या वेळी?"

"नाही," ती म्हणाली.

"कुणी बघितलंय?" डॉक्टरांनी वहिनीकडे बघितलं. वहिनीनं रुमालाची घडी घातली. "हे बघा, मला संशय आला म्हणून चालत नाही. हाड मोडलं एवढंच फिल्म सांगते, कुणी मोडलं ते सांगत नाही. मुलगी पडले म्हणते, आईवडील पडली म्हणतात. मग मलाही तेच लिहावं लागतं, आणि घरी सोडावं लागतं. कुणाला काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा."

पलीकडच्या खाटेवरचा मुलगा आणि त्याचे वडील इकडे बघत होते. वॉर्डातला माणूस औषधांची गाडी घेऊन थांबला होता. खिडकीतून चांगला लख्ख उजेड येत होता. तिला सगळं फार स्पष्ट दिसलं. आपण काय सांगणार? आपण तिथे नव्हतो. आपल्याजवळ हाडं आहेत फक्त, आणि हाडांचं कुणीही काहीही म्हणू शकतं. कुणीतरी बघायला हवं. ती खाटेपासून दोन पावलं बाजूला झाली, उजेडात आली, आणि भावाच्या समोर उभी राहिली.

"तू पाडलंस तिला," ती म्हणाली.

"ताई, चेष्टा पुरे."

"बरगडीही तूच मोडलीस. लाथ मारलीस ना?"

तो हसत होता. पण चष्मा काढला त्यानं. खिशातून मऊ कापड काढलं आणि काचा पुसायला लागला. तिच्या कानात डबीच्या झाकणाचा तो जुना टक् वाजला आणि पाय पळा म्हणायला लागले. ती हलली नाही. दोन्ही हात तिनं पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले, ते मधे येऊ नयेत म्हणून.

"बाबा बरे होते तुझ्यापेक्षा," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी. "बाबा मारून झाल्यावर विनोद नव्हते करत. तुला बाबांच्याही नखाची सर नाही."

त्यानं चष्मा खिशात ठेवला. मूठ आली ती तिला दिसलीच नाही. फक्त सशांची आणि फुग्यांची भिंत एकदम तिरकी झाली आणि तोंडात काहीतरी कडक मोकळं झालं. ती औषधांच्या गाडीवर आदळली, बाटल्या फुटल्या. पडता पडता दुसरा तडाखा कानावर बसला, मग त्याचा पाय तिच्या कुशीत. तो ओरडत होता, शब्द नव्हते त्यात, आणि त्याचे दोन्ही हात वर हवेत आपटत होते. कुणीतरी किंचाळलं. वॉर्डातल्या माणसानं त्याला मागून कवेत आवळलं, पलीकडच्या मुलाच्या वडिलांनी हात धरले. वहिनी भिंतीला टेकून खाली बसली. आणि या सगळ्या गोंगाटात, खाटेवरून, बबडीचा बारीक आवाज सारखा येत होता, घाईघाईनं, डॉक्टरांना उद्देशून:

"आत्या पडली. आत्या पडली. आत्या पडली."

डॉक्टरांच्या हातातली फिल्म खाली गेली होती. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या, पण आवाज ठाम होता. "यांना बाहेर घ्या. पोलिसांना फोन करा. दार लावा. ही मुलगी इथून कुठेही जाणार नाही."

त्याला नेताना तो एकदम ढिला पडला. दारातून मागे वळून बघत, लहान मुलासारख्या आवाजात म्हणाला, "ताई, लागलं का गं?" त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिला त्याची अशी दया आली की रडू फुटलं, आणि तोंड उघडल्यावर रक्ताबरोबर अर्धा दात फरशीवर पडला. दार लागलं.

ती खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून उठली आणि बबडीशेजारी बसली. नर्सनं तोंडाला कापूस लावायला घेतला, तिनं हातानं थांबवलं. बबडी तिच्या ओठाकडे बघत होती. शेवटी अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून जवळ सरकून, तिनं विचारलं, "आत्या, लागलं का?"

या प्रश्नाला त्यांच्या घरात एकच उत्तर होतं. आईचं तेच, तिचं तेच, धाकट्याचं तेच. नाही. ते विचारायच्या आत द्यायचं असतं, हसून द्यायचं असतं. आताही ते तिच्या फुटलेल्या ओठापर्यंत आलंच होतं.

"हो," ती म्हणाली. "खूप लागलं."

बबडीनं दाराकडे बघितलं. दाराबाहेर तिचा बाबा कुणालातरी काही समजावत होता. तो आवाज लांब जाईपर्यंत ती कान देऊन बसली. मग तिची हनुवटी थरथरायला लागली.

"मला पण," ती म्हणाली.